मागचं टोक

"एकटेच ओढता ना?" टाकीवाल्याने विचारले आणि अंगणात दोन स्टुलांवर पालथ्या घातलेल्या कयाकच्या शेपटावर बोटांच्या पेरांनी टकटक केली.

टाकीवाला म्हणजे गच्चीवरच्या प्लॅस्टिकच्या टाक्यांना पडलेल्या चिरा वितळवून बुजवणारा माणूस. दोन बैठकांची, गळ अडकवायला खोबणी असलेली ही लांबट होडीही त्याच जातीच्या प्लॅस्टिकची, म्हणून त्याला बोलावले होते. पण हा प्रश्न होडीच्या मालकाला, बूटवाल्याला, मुळीच आवडला नाही. डॉक्टरने पोट तपासता तपासता 'घरी सगळं ठीक आहे ना?' असे विचारावे, तसा तो प्रश्न होता.

"ओढतो म्हणजे काय, नेतो," बूटवाला म्हणाला.

"बरं, नेता. पुढचं हँडल उचलून नेता आणि मागचं टोक सिमेंटवर घासत येतं. बाकीचा तळ बघा, नवाकोरा. एवढंच गेलंय. इथे दाबा."

बूटवाल्याने अंगठा दाबला. एकतीस वर्षे तो चपला-बुटांच्या दुकानात गिऱ्हाइकांच्या बुटांची टोके याच अंगठ्याने दाबत आला होता. अंगठ्याला सांगावे लागले नाही. तळ पिकल्या फळासारखा आत गेला.

"अजून दोन खेपा," टाकीवाला म्हणाला. "मग भोक. आणि ते अंगणात नाही पडायचं, पाण्यात मध्यावर पडेल."

"जाड थर द्या ना वितळवून."

"देतो की. मी पट्टी चढवणार, तुम्ही ओढणार, पट्टी झिजणार, मी परत येणार. माझं काय जातंय? पण याला पुढे-मागे दोन हँडलं दिलीत, ती काय बनवणाऱ्याला हौस होती म्हणून? दुसरा माणूस बघा."

टाकीवाल्याने प्लॅस्टिकची कांडी तापवायला घेतली. अंगणभर जळक्या प्लॅस्टिकचा वास सुटला. बूटवाला खुर्चीवर बसला, उठला, फाटकापर्यंत जाऊन आला, पुन्हा बसला, पुन्हा उठला.

खरे तर टाकीवाल्याने नवीन काहीच सांगितले नव्हते. गिऱ्हाईक दुकानाची पायरी चढले की बूटवाला त्याच्या जुन्या चपलेचा तळ बघून सांगे, "डाव्या गुडघ्याचं दुखणं जुनं दिसतंय," किंवा "जिना फार चढावा लागतो वाटतं." माणसे चकित होत आणि एकाऐवजी दोन जोड घेऊन जात. सगळ्या गावाचे तळ वाचणाऱ्या या माणसाच्या स्वतःच्या दारात आठ महिने एक तळ पालथा पडला होता, मागच्याच टोकाला झिजलेला. त्याने त्यावर सगळे उपाय केले. वाचला तेवढा नाही.

पहिला उपाय रबराचा. दुकानातला जाडजूड सोल कापून त्याने सोल्युशनने शेपटाला चिकटवला आणि दोन दिवस वजनाखाली ठेवला. या प्लॅस्टिकला सोल्युशन धरत नाही, हे तळ्यात पाचव्या मिनिटाला कळले. सोल सुटला आणि कोणीतरी भिरकावलेल्या चपलेसारखा डुलत पलीकडच्या काठाला लागला.

दुसरा उपाय गालिच्याचा. घरापासून पाण्यापर्यंत दोनशे पावलांचा सिमेंटचा उतार. त्यावर जुन्या गालिच्याचे तुकडे अंथरायचे, कयाक त्यावरून ओढायची, मागचा तुकडा उचलून पळत पुढे नेऊन अंथरायचा. तासाभराने तो पाण्याला लागला, तेव्हा मासे जेवून झोपले असावेत. सकाळी फिरायला आलेल्या दोघांनी मात्र कोण मोठे पाहुणे येणार आहेत, अशी आदराने चौकशी केली.

तिसरा उपाय चाकांचा. दोन चाकांचा गाडा त्याने शेपटाखाली बांधला. उतारावर गाड्याला जोर चढला आणि कयाक त्याच्या हातातून निसटून त्याच्या आधी पाण्यात पोचली. पाठोपाठ त्यालाही कपड्यांसकट जावे लागले.

चौथा उपाय तीन गल्ल्या पलीकडे राहत होता. तो म्हणजे साडू, बायकोच्या थोरल्या बहिणीचा नवरा. कॉलेजात भूगोल शिकवून निवृत्त झालेला. दहा वर्षे दर मंगळवारी, दुकानाच्या सुट्टीला, पुढचे हँडल बूटवाल्याने धरले होते आणि मागचे साडूने.

मग आठ महिन्यांपूर्वी एका लग्नाच्या पंगतीत कोणीतरी बूटवाल्याला विचारले, "आपण काय करता?" त्याने घास गिळेपर्यंत साडूच बोलून गेला, "हा? हा एकतीस वर्षं लोकांच्या पायाशी बसलाय!" सगळे हसले. बूटवालाही हसला. साडूच्या बोलण्यापेक्षा आपले ते हसणेच त्याला जास्त लागले. घरी येऊन त्याने बायकोला बजावले, "या घरात त्या माणसाचं नाव काढायचं नाही." त्याची एकही आज्ञा कधी न पाळलेल्या बायकोने ही मात्र अक्षरशः पाळली.

आता ती दारात उभी राहून ओल्या हातांनी पदर खोचत होती.

"दोन माणसं लागतात म्हणे," बूटवाला तिच्याकडे न बघता म्हणाला.

"मग मी धरते."

"तुझी कंबर बघ आधी."

"मग दहा वर्षं ज्यांनी धरलं, त्यांना विचारा."

"कोणाला?"

"मला काय माहीत? नाव काढायचं नाहीये ना."

टाकीवाला पट्टी चढवून, "निदान आजचा दिवस ओढू नका," असे सांगून गेला. बूटवाल्याने कपाट उघडले, बंद केले, पुन्हा उघडले. शेवटी उरलेले रबर, सुरी आणि सोल्युशनचा डबा त्याने पिशवीत टाकला. निमित्त ठरले होते: तळाला कुठलं रबर चालेल, तेवढं विचारायला आलो. भूगोलाच्या प्राध्यापकाला रबरातले काय कळते, हा प्रश्न त्याला पहिल्या गल्लीत पडला. दुसऱ्या गल्लीत तो परत फिरला, थोडे चालला आणि पुन्हा वळला. तिसऱ्या गल्लीत दार समोरच होते.

मेहुणीने दार उघडले. "या! सापडलं का घर?"

त्याने उत्तर जुळवेपर्यंत आतून आवाज आला. खर्रर्र, टक. खर्रर्र, टक. धातू फरशीवर घासल्याचा. साडू बाहेर आला तो चार पायांच्या वॉकरला धरून.

"चार महिने झाले," बूटवाल्याची नजर बघून तो म्हणाला. "बाथरूममध्ये घसरलो. खुब्याचं हाड."

"मला कोणी बोललंच नाही."

"असं होय," साडू खुर्चीत हळूहळू बसत म्हणाला. "आम्हाला वाटलं, कळूनही आला नाहीस."

दोघेही फरशीकडे बघू लागले. झोपायच्या खोलीपासून खुर्चीपर्यंत फरशीवर एकच करडी रेघ उमटली होती, रोजच्या जाण्यायेण्याने रुंद झालेली.

"उजवा पाय टेकवायला भिता तुम्ही," बूटवाला म्हणाला. "सगळा भार वॉकरच्या मागच्या उजव्या नळीवर टाकता."

"आँ? हे डॉक्टरला कळायला दोन महिने लागले! तुला कोणी सांगितलं?"

"तिच्या टोकाचं रबरी बूच बघा. बाकीची तीन शाबूत, ते एक आरपार झिजलंय."

साडूने वाकून बघितले. मग विचारले, "कयाक कशी आहे?"

"बरी आहे. शेपूट झिजलंय."

"एकटाच ओढतोस?"

"हो."

साडूने वॉकरवरच्या आपल्या दोन्ही हातांकडे पाहिले. "मागचं टोक आता दुसऱ्या कुणाला तरी दे बाबा."

बूटवाल्याने पिशवी खाली ठेवली आणि तो फरशीवर बसला. एक गुडघा टेकून, एक उभा ठेवून, दुकानात बसतो तसा.

"अरे, वर बस ना. खुर्ची आहे, खाली कशाला?"

"तुम्ही हलू नका."

त्याने वॉकरचा पाय मांडीवर घेतला, झिजल्या बुचाचा घेर अंगठ्याने मोजला आणि रबराची गोल चकती कापली. सोल्युशन लावले, फुंकर घातली, दाबून धरले. इथे ते धरले.

"तू असा खाली बसलास ना, की मला..." साडू बोलता बोलता थांबला.

"दहा मिनिटं वाळू दे," बूटवाला म्हणाला.

दहा मिनिटे त्याने चकती दाबून धरली. उठला नाही, चुळबुळला नाही. मेहुणी चहा ठेवून गेली, तोही निवला.

"हं. आता उठा. चालून बघा."

साडू उठला, दारापर्यंत गेला, परत आला. आवाज झाला नाही.

"टोचत नाही ना कुठे?"

"मला कशाला टोचेल? बूट वॉकरला घातलास."

"तरी पुन्हा एकदा. आरशापर्यंत जाऊन या."

दुकानातले आरसे ठेंगणे असतात, पाय दिसण्यापुरते. हा चेहऱ्याच्या उंचीवर टांगलेला होता. साडू त्याच्यापाशी पोचला आणि तिथेच उभा राहिला. बराच वेळ वळला नाही.

"सावकाश," बूटवाला खालूनच म्हणाला. "आज सुट्टी आहे माझी."