कुंपणापलीकडचा षटकार

रॉयडन तुस्कानो अकरा आंतरराष्ट्रीय एकदिवसीय सामने खेळला होता, आणि हे ज्याला ठाऊक नाही असा माणूस आखातातल्या खलिफा सिटीत बहुधा कालच विमानातून उतरलेला असावा. वसईहून नोकरीला आलेला रॉयडन बरी बॅटिंग करायचा, एमिरेट्सच्या राष्ट्रीय संघाला माणसांची चणचण होती, तिथे त्याची वर्णी लागली. सर्वोच्च धावसंख्या चौतीस, त्यात एक षटकार. वीस वर्षांत त्या धावा चौतीसच राहिल्या, कारण त्या कुठेतरी छापलेल्या होत्या. षटकार मात्र वाढत गेला. आधी तो सीमारेषेपलीकडे पडायचा, मग पॅव्हेलियनच्या छपरावर, आणि गेल्या नाताळात तर पार्किंगमधल्या गाडीची काच फोडून आला.

तेव्हा त्याच्या चौदा वर्षांच्या मुलीने, जॉयसने, विचारलं होतं, "डॅड, व्हाय इज देअर नो व्हिडिओ?"

शेजारीपाजारी हसले तर हसोत, पण पोरीने आपल्याला थापाड्या समजावं, हे त्याच्या जिवाला लागलं. म्हणून फुजैराहून तुकारामचा फोन आला तेव्हा त्याने संधी साधली. तुकाराम गुहागरचा, तेलाच्या टाक्यांभोवती परांची बांधायच्या कामावर. त्यांच्या मंडळाची रविवारी टेनिस बॉलची टूर्नामेंट होती.

"सर, चीफ गेस्ट म्हणून या."

"नुसता बसायला नाही येणार. बॅटिंग करणार," रॉयडन म्हणाला.

त्या रविवारी त्याची बायको लुसी एकटीच चर्चमध्ये मिस्सेला गेली. रॉयडन जॉयसला घेऊन निघाला, तो जुनी जर्सी घालून. पोटावर देशाचं नाव चांगलंच ताणलं गेलं होतं.

मैदान म्हणजे तेलाच्या टर्मिनलला लागून असलेलं रेताड पटांगण. तुकारामने सगळ्यांना नियम सांगितले. "कुंपणापलीकडे डायरेक्ट बॉल गेला की आऊट. खलास. तिकडचा सेक्युरिटीवाला बॉल परत देत नाय." रॉयडन तेव्हा जॉयसला फोन कसा आडवा धरायचा ते शिकवत होता.

"सर, रूल ऐकलात ना?"

"अरे हबीबी, मला रूल सांगतोस?"

नागेश गोलंदाजीला आला. कामाच्या बुटांतच धावायचा, पण चेंडू सणसणीत. पहिले दोन रॉयडनला दिसलेच नाहीत. तिसरा बॅटवर आला आणि त्याने जीव खाऊन फटका मारला. फटका देखणा होता, हे कबूल केलंच पाहिजे. चेंडू कुंपणावरून टर्मिनलात गेला. रॉयडनने बॅट उंचावून जॉयसकडे पाहिलं. डोळे भरून आले होते बिचाऱ्याचे.

मैदानात कुणीच टाळी वाजवली नाही. अंपायरचं बोट वर गेलं होतं.

"आऊट? सिक्सला आऊट?" रॉयडन कडाडला. "मी इंटरनॅशनल खेळलोय! हा कुठला गल्लीतला नियम?"

"गल्लीतलाच आहे, सर," तुकाराम नम्रपणे म्हणाला.

रॉयडन हलेना. ऊन चढत होतं, दुसऱ्या संघाची मुलं खोळंबली होती, आणि आठवड्यातून एकच सुट्टी मिळणारी ती तीस माणसं एका जर्सीकडे बघत उभी होती. शेवटी तुकारामने नवा बॉल काढला. "जाऊ दे रे नागेश. पाव्हणे आहेत. यल्ला, टाक."

नागेशने टाकला, पण आता लहान पोराला टाकावा तसा, हळूच, खालून. रॉयडनने चौकार मारला. पुढचाही. एक झेल तर थेट हातात गेला होता; झेलणाऱ्याने चेंडू सभ्यपणे खाली ठेवला. रॉयडनने एक्केचाळीस धावा केल्या. आयुष्यातला उच्चांक! मग शाल झाली, नारळ झाला, सेल्फी झाले. कुणाच्याही चेहऱ्यावर हसू नव्हतं, आणि त्याला तो आदर वाटला.

गाडीत बसताच तो म्हणाला, "दाखव बघू. आलं ना सगळं?"

जॉयसने फोन पुढे केला. नागेशची धाव, फटका, कुंपण, वर गेलेलं बोट. तिथे व्हिडिओ संपला.

"आणि पुढचं? एक्केचाळीस?"

जॉयसने फोन परत घेतला आणि सीटबेल्ट लावला.

"देअर वॉज नथिंग टू शूट, डॅड. यू वेअर आऊट."