चाळीस पावलांचं गाणं

थोरलीनं सकाळी सहाला गाडी आईच्या दारात लावली आणि सहा वाजून एक मिनिटानं हॉर्न दाबला. बावीस वर्षं शहरबस चालवलेल्या बाईचं घड्याळ असंच असायचं. डेपोत तिला सगळे ‘काटा’ म्हणत. कोणी पिशवी सांभाळत, हात हलवत मागून पळत आलं तरी वेळ झाली की काट्याची बस हलणार म्हणजे हलणारच. तक्रारी यायच्या, ती वाचायची आणि घडी घालून ठेवून द्यायची.

आई बाहेर आली ती भली मोठी उशी छातीशी धरून.

"उशी कशाला?"

"मान माझी, उशी माझी. तू गाडी बघ."

थोरलीनं वाद घातला नाही. कालच तो घालून झाला होता. आईला दोर वळायचं सगळं सामान न्यायचं होतं, टेकूचा लाकडी घोडा, फिरवायचा आकडा, तागाचे पदर, सगळं! थोरलीनं ठाम नकार दिला होता. डोंगरावरच्या ज्या लोकगीतांच्या मेळ्यात आईला गायचं होतं, त्याचं पत्र तिनं तीनदा वाचलं होतं. मंच लहान आहे, पाऊस असतो, सामान कमी आणा. चारची वेळ, वीस मिनिटं. लोक गाणं ऐकायला येणार, दोर विकत घ्यायला नाही.

गाणं दोरवाल्यांचं होतं. तीन पदर आकड्यात अडकवायचे. एकीनं आकडा फिरवायचा, दुसरीनं चाळीस पावलांवर टोकं धरून ताण ठेवायचा. पीळ चढला की दोर आखडतो, वळलेला भाग आकड्याच्या दांड्यावर गुंडाळला जातो आणि टोक धरणारी पाऊल पाऊल पुढं ओढली जाते. आई टोक धरायची, आत्या आकडा फिरवायची. नणंद-भावजयींनी तीस वर्षं तसा दोर वळला आणि वळताना गायल्या. गेल्या हिवाळ्यात आत्या गेली. तेव्हापासून आईनं एकच धोशा लावला होता, मरायच्या आधी एकदा ते गाणं अख्खं, चार माणसांसमोर व्हायला हवं.

थोरलीनं मनावर घेतलं. एकदा मनावर घेतलं की ती कोणाच्या बापाचं ऐकत नसे. महिनाभर रोज संध्याकाळी ती स्वयंपाकघरात वही घेऊन बसली. आई एक कडवं म्हणायची आणि गप्प व्हायची.

"पुढं?"

"पुढचं माझं नाही."

मग कपाळ चोळून तिसरंच काहीतरी म्हणायची. थोरली वहीत मधली जागा कोरी सोडायची. धाकट्याला फोन केला तर तो म्हणाला, "ताई, तिला विसर पडतोय. एवढ्या लोकांत कशाला तिचं हसं करतेस?" यावर थोरलीनं फोन ठेवला आणि डेपोत दोन दिवसांची रजा टाकली. विसर पडत असेल तर उलट घाई करायला हवी, एवढं साधं त्याला कळू नये!

दुपारी घाट लागला आणि पावसानं गाठलं. पाऊस कसला, वरून कोणी बादल्या उपड्या करत होतं. काचेवरचे वायपर जीव तोडून फिरत होते. एका वळणावर समोरून बस आली, थोरलीनं बाजू दिली आणि डावी चाकं चिखलात गेली ती गेलीच. रेस दिली तशी गाडी आणखी खाली बसली. दोन वाजले होते. वर पोचायला अजून तास होता.

मागून एक टेम्पो येऊन थांबला. मेळ्याचेच स्पीकर घेऊन चालला होता. टेम्पोवाला डोक्यावर पोतं घेऊन उतरला.

"ओढतो की! दोर द्या."

थोरलीनं गाडीत उगाच नजर फिरवली.

"दोर नाही? माझ्याकडं नुसत्या वायरी आहेत, बाई. वायरीनं गाडी ओढायची का?"

तीन पिढ्या दोरवाल्यांचं घर आणि गाडीत हातभर दोर नाही. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच. थोरलीला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

तेवढ्यात आईनं काच खाली केली. "माझी उशी आण इकडं."

उशीत कापूस नव्हताच. अभ्र्यात तागाच्या पदरांच्या दोन लडी नीट गुंडाळून कोंबल्या होत्या.

"आई!"

"ओरडतेस काय? दोन आणल्यात. एक तिथली, एक सरावाला. ही सरावाची." आई पावसात उतरलीसुद्धा. "आकडा शोध."

थोरलीनं डिकी उघडली. जॅकचं हँडल हाती आलं. पुढं आकडा, मधे वाकण, मागं मूठ, जणू आत्याचंच हत्यार. पदर अडकवले. फडक्यात धरून ती फिरवू लागली. आई टोकं घेऊन रस्त्याच्या कडेनं मागं चालत गेली, चाळीस पावलं मोजून वळली, कमरेला ताण दिला आणि गायला लागली. शहात्तर वर्षांच्या बाईचा आवाज पाऊस कापत आला.

"लांब लांब वाट माझी, हाती तीन धागे,
तू तिकडं, मी इकडं, कोण पुढं, कोण मागे?"

आणि गप्प. अगदी स्वयंपाकघरातल्यासारखी. थोरलीचा हात फिरत होता. हाताला पीळ जाणवला, आणि तोंडातून आपोआप निघालं,

"मागे नाही, पुढे नाही, फिरतो माझा हात,
पीळ चढू दे, आपोआप येशील माझ्या दारात."

आईनं एक पाऊल पुढं टाकलं आणि दुसरं कडवं उचललं. थोरलीला एकदम लख्ख कळलं. आई काहीही विसरली नव्हती! ती प्रत्येक वेळी आत्यासाठी थांबत होती. आणि आपण मात्र वहीत अर्धं गाणं लिहून वर तिच्याच डोक्यावर शंका घेतली. थोरलीला स्वतःचा एवढा राग आला की आकडा दुप्पट जोरात फिरला.

लहानपणी आकड्याशेजारी बसून शाळेचा अभ्यास केला होता, तेव्हाचं सगळं वर येत होतं. वळलेला दोर हँडलवर चढत होता, आई एकेक पाऊल जवळ येत गेली. शेवटच्या कडव्याला दोघींत हातभर अंतर राहिलं आणि थोरली अडली.

"हे मला येत नाही, आई."

"रोज ऐकलंयस की."

"शेवट आला की केर काढायचं माझ्यावर यायचं. म्हणून मी आधीच पळायचे."

आईचा चेहरा पडला. "मग ते गेलंच वन्संबरोबर. माझ्या टोकाला त्यांचं बोलणं कधी पाठ करावंच लागलं नाही गं."

टेम्पोवाल्यानं दोर दुहेरी करून बांधला. गाडी निघाली. वर पोचेपर्यंत आई काचेकडं तोंड करून बसली होती. थोरलीनं डोक्याला ताण दिला, आत्याचा आवाज आठवला, तिची खोकण्याची सवय आठवली, पण त्या दोन ओळी काही आठवेनात.

मंच खरंच लहान होता, आठ पावलांचा. छत्री घेतलेल्या संयोजक बाई म्हणाल्या, "इथं उभ्या राहून म्हणा ना."

"नाही. आम्हाला चाळीस पावलं लागतात," थोरली म्हणाली.

"बाहेर पाऊस आहे हो!"

"आम्ही भिजलेल्याच आहोत."

ताडपत्रीखाली दोन्हीकडं माणसं बसली होती, मधून चिखलाची वाट होती. थोरली वाटेच्या एका टोकाला जॅकचं हँडल घेऊन उभी राहिली. आई दुसऱ्या टोकाला गेली. कोणीतरी हसलं. आई गायला लागली तसं ते हसू बंद झालं. कडव्यामागं कडवं, पावलामागं पाऊल, नणंदेला टोमणे, भावजयीला टोले, लोक खुदखुदत होते आणि दोर आखडत होता.

मग आई हातभर अंतरावर येऊन थांबली. केसांतून पाणी निथळत होतं, बोटं गारठून पांढरी पडली होती, पण टोकं घट्ट धरलेली. ती लेकीकडं बघत होती. लोकांना वाटलं म्हातारी विसरली. पुढची एक बाई हळहळलीसुद्धा.

थोरलीनं आत्याला शोधायचं सोडून दिलं. समोरच्या दमलेल्या बाईकडं बघितलं आणि तोंड उघडलं. आवाज फाटका होता, असू दे.

"सावकाश ये, घाई नको, गाडी माझी थांबते,
टोक दे गं माझ्या हाती, गाठ मीच बांधते."

आईनं टोकं तिच्या हातात दिली. थोरलीनं गाठ मारली. ताडपत्रीखाली टाळ्या सुरू झाल्या, पण त्या दोघींना त्याचं काही नव्हतं.

"वन्सं हे असं म्हणत नव्हत्या," आई हळूच म्हणाली.

"माहितीये."

"आणि तू कोणासाठी कधीपासून थांबायला लागलीस?"

थोरलीनं दोर हँडलवरून सोडवून तिच्यापुढं धरला.

आईनं दोर हातात घेतला, गाठ ओढून बघितली, दोनदा ओढून बघितली. "घट्ट आहे," ती म्हणाली. "वहीत लिहून ठेव. आता शेवट हाच."