चार खोल्यांचं घर

ठकूबाईने पावतीवरच्या तिकिटावर पेन टेकवलं आणि पुन्हा उचललं. साक्षरतेच्या वर्गात शिकलेली अक्षरं तिला अजून एकेक करूनच लागायची. तिने ओळीखाली बोट धरलं.

“घर... भाडे... मिळाले.” तिने मान वर केली. “कुणाला मिळालं?”

“तुला,” भगवंत म्हणाला. “कर ना सही. मला दुसऱ्या पाळीला जायचंय.”

भगवंत तिचा मुलगा, चाकणच्या कंपनीत कामाला. मार्च जवळ आला की कंपनी घरभाड्याच्या पावत्या मागायची. त्या दिल्या की पगारातून कर कमी कापला जायचा. गेली चार वर्षं तो पावत्या थेट चुलीपुढे धरायचा आणि ती भाकरी थापता थापता सही ठोकायची. यंदा पिठाची बोटं उमटलेल्या पावत्या कंपनीने परत धाडल्या. म्हणून आज तो तिला घेऊन अवसरीहून मंचरला, जिनेशच्या ऑफिसात आला होता. जिनेश आसपासच्या नोकरदारांचे कराचे कागद करून द्यायचा.

“मला तर एक रुपयाबी मिळाला न्हाई,” ठकूबाई म्हणाली.

जिनेशने चष्मा काढला. “भगवंतभाऊ, मग या पावत्या फाडून टाका. भाडं दिल्याशिवाय पावती करू नका. एप्रिलपासून रीतसर करार करू. दर महिन्याला मावशींच्या खात्यात चेक टाका. घर त्यांच्या नावावर आहे, आईला भाडं दिलेलं चालतं. त्यांना दुसरं उत्पन्न नाही, म्हणजे त्यांनाही कर बसणार नाही.”

“घर कुणाच्या नावावर हाय?” ठकूबाईने विचारलं.

जिनेशने ग्रामपंचायतीचा उतारा तिच्यापुढे सरकवला. तिने स्वतःचं नाव दोनदा वाचलं. नवरा गेल्यावर कुठल्याशा कागदावर आपण सही केली होती, एवढंच तिला आठवत होतं. त्यानंतरची नऊ वर्षं शेजारणीला वाटीभर साखर द्यायची तरी ती आधी सुनेचं तोंड बघत आली होती. तिला स्वतःचंच हसू आलं.

मग तिला अंजना आठवली आणि हसू मावळलं. नवऱ्याने टाकलेली तिची लेक दोन वर्षांपूर्वी आपल्या छोट्या मुलीला, प्राचीला घेऊन आली, मागच्या खोलीत आठ दिवस राहिली. नवव्या दिवशी भगवंत म्हणाला, “घरात जागा कुठंय?” तेव्हापासून अंजना नारायणगावात भाड्याच्या खोलीत राहून टोमॅटो निवडायला जात होती. मागच्या खोलीत खताच्या गोण्या आणि बंद पडलेली मोटारसायकल होती. त्या दिवशी आपण गप्प बसलो, हे ठकूबाईला आजही खायला उठायचं.

“भाडेकरूला समदं घर द्यावं लागतं का वं?” तिने जिनेशला विचारलं.

“तसं काही नाही, मावशी. ठरतील तेवढ्या खोल्या. करारात लिहायच्या.”

“चार लिहा,” भगवंत म्हणाला.

“तीन लिवा.”

“आई, मागच्या खोलीत माझं सामान हाय!”

“ते एप्रिलच्या आत काढ.”

“तुला कशाला पायजे ती खोली?”

 ठकूबाईने लुगड्याचा पदर खांद्यावर नीट केला आणि त्याच्याकडे पाहिलं. भगवंतला उत्तर ठाऊक होतं. त्याने आधी जिनेशकडे, मग त्याच्या कॅलक्युलेटरवरच्या, वर्षाला करात वाचणाऱ्या सहा हजारांकडे पाहिलं. जिनेश पेन उघडून थांबला होता.

“लिहा तीन,” भगवंत शेवटी म्हणाला.

जिनेशने लिहिलेल्या करारावर तिने सही केली. घाई मुळीच केली नाही. ‘ठ’चा गोल तर तिने पुन्हा एकदा गिरवला. जिनेशने करार वाळू दिला आणि चहा मागवला.

स्टँडवर अवसरीची एसटी लागली होती. भगवंत आईला गाडीत बसवायला वळला, तर ती मागे रस्त्याच्या कडेलाच उभी.

“नारायणगावची गाडी कुठं लागती रं?” तिने विचारलं.

भगवंतने एकदा चाकणकडच्या रस्त्याकडे पाहिलं. मग त्याने तिच्या हातातली पिशवी घेतली.

“एसटीची वाट बघू नको. जीप लवकर मिळंल,” तो म्हणाला. चार पावलं गेल्यावर मागे न बघताच पुढे म्हणाला, “गोण्या रविवारी काढतो.”