न हलणारा आकडा

आत्याच्या विजेवर चालणाऱ्या चाकाच्या खुर्चीची किल्ली लेकाने आपल्या खोलीतल्या उंच खिळ्याला अडकवली आणि वर म्हणाला, "आई, तुझ्याच भल्यासाठी आहे." भल्याच्या गोष्टी नेमक्या आपला हात पोचणार नाही अशाच ठिकाणी का टांगतात, हे आत्याला आयुष्यात कधी कळलं नव्हतं.

घरच्यांचीच काय, अख्ख्या गल्लीची ती आत्या. गुडघ्यांनी साथ सोडली तेव्हा तिने महिनाभर सगळ्यांवर राग काढला आणि मग ही खुर्ची घेतली. वाचनालय, बँक, मैत्रिणीचं घर, सगळं पालथं घातलं, तेही एकटीने. आता घरात ढकलायची जुनी खुर्ची होती, पण ती ढकलायला कुणीतरी लागायचं. किल्ली गेली म्हणजे पाय दुसऱ्यांदा गेले.

झालं होतं ते असं. मागच्या आठवड्यात खुर्ची भर चौकात मेली. हाताजवळच्या छोट्या पडद्यावर बॅटरी ऐंशी टक्के दिसत होती आणि चाकं जागची हलेनात. मागे एक ट्रकवाला हॉर्नवर हात ठेवून बसला. लेक काम टाकून धावत आला, घामाघूम होऊन खुर्ची घरापर्यंत ढकलली आणि चार्जिंगला लावली. दुसऱ्या दिवशी कंपनीचा दुरुस्तीवाला आला. खुर्ची शहाण्या मुलासारखी चालली. "यंत्रात काही दोष नाही," तो लेकाला म्हणाला. "गोंधळून किल्ली बंद केली असणार. वयोमानाने होतं असं." लेकाने त्याला चहा दिला आणि आईकडून किल्ली घेतली.

"मी किल्लीला हातसुद्धा लावला नव्हता," आत्याने लेकाला बजावलं. तो मान हलवत राहिला, आणि त्या समजूतदार मान हलवण्याने तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तिने भाचीला फोन लावला. भाची गोदामातल्या, माल उचलणाऱ्या बॅटरीवरच्या फोर्कलिफ्ट गाड्या दुरुस्त करायची.

"त्या दिवशीचं सगळं सांग," घरी आल्या आल्या भाची लॅपटॉप उघडत म्हणाली.

"सांगायचंय काय? निघाले तेव्हा ऐंशी. बँकेत ऐंशी. वाचनालयात ऐंशी. मी म्हटलं, काय गुणाची बॅटरी आहे."

भाचीचा हात थांबला. "एकदाही हलला नाही आकडा?"

"नाही."

"आत्या, चालणाऱ्या खुर्चीचा आकडा उतरायलाच हवा. न उतरणाऱ्या आकड्याचं कौतुक काय करत बसलीस?"

आत्याला स्वतःचाच राग आला. मैत्रिणीजवळसुद्धा तिने त्या आकड्याचे गोडवे गायले होते.

लेक कामावर गेला होता. भाचीने खिळ्यावरची किल्ली काढली. "तो चिडेल," ती म्हणाली. "चिडू दे," आत्या म्हणाली. "खुर्ची माझी, किल्ली माझी, आणि नाव खराब झालंय तेही माझंच."

भाचीने चार्जरचा प्लग उपसला, किल्ली फिरवली, लॅपटॉपची वायर खुर्चीखाली जोडली आणि आत्याला घरभर फिरवलं. आकडा शिस्तीत उतरत गेला. दुसऱ्यांदा चार्जिंगला लावून पाहिलं, तेच. भाचीने हात टेकले.

"तू उलटं करतेस," आत्या एकदम म्हणाली. "मी आधी किल्ली फिरवते. प्लग आहे त्या सोफ्यामागे, तिथे काळोख असतो. पडद्याचा उजेड पडला की मग वाकून प्लग काढते."

भाचीने पुन्हा चार्जर लावून तसं केलं. पडद्यावर नव्वद आले. आत्या स्वयंपाकघरातून दारापर्यंत इतक्या फेऱ्या मारून आली की तिलाच गरगरलं. नव्वद. भाचीने बॅटरी मोजणाऱ्या यंत्राची बारीक तारच उपसून हातात धरली. तरी नव्वद.

"अरे वा," भाची म्हणाली, आणि तिच्या आवाजात कौतुक नव्हतं.

"मला कळेल असं बोल."

"खुर्चीतले सगळे डबे एकाच तारांच्या जोडीवर बोलतात. हाताजवळचा पडदा, चाकांचा डबा, बॅटरीचा डबा. पडद्याला बॅटरीचं काही हवं असलं की तो रिकामा निरोप सोडतो. आत मजकूर नाही, फक्त कशाबद्दल विचारलंय तेवढं. त्याला रिमोट फ्रेम म्हणतात. मग बॅटरीच्या डब्याने त्याच नावाचा, पण आकडा भरलेला निरोप परत धाडायचा."

"धाडतोय की."

"तीच तर गंमत आहे. मोजणारा प्रोग्रॅम असतो डब्याच्या आत. तो ताजा आकडा दारातल्या चिपकडे ठेवून जातो. प्रश्न आला की चिप आतल्याला न विचारताच उत्तर देऊन मोकळी होते. किल्ली चालू असताना प्लग काढला की आतला जागच्या जागी गोठतो. पण दारातली चिप शेवटचा आकडा वाटत बसते, आणि खरी बॅटरी खाली उतरत जाते. किल्ली बंद करून परत लावली की सगळं ठाकठीक, म्हणून त्या माणसाला काही सापडलं नाही."

आत्याला आपलाच फोन आठवला. रोज दुपारी लेकाचा फोन येई, "आई, ठीक ना?" आणि त्याचं वाक्य संपायच्या आत ती म्हणे, "ठीक." गुडघे ठणकत असले तरी ठीक. तिला तो विचार मुळीच आवडला नाही.

सुट्टीच्या दिवशी तिने दुरुस्तीवाल्याला बोलावून घेतलं आणि लेकाला समोर बसवलं. भाचीने सगळं करून दाखवलं. दुरुस्तीवाला लोंबणाऱ्या तारेकडे बघत राहिला, मग पडद्याकडे.

"म्हणजे क्रम चुकला ना, काकू," तो म्हणाला. "प्लग आधी काढायचा असतो."

"क्रम चुकला असेल तर खुर्चीने जागचं हलू नये," आत्या म्हणाली. "माहीत नसेल तर माहीत नाही म्हणावं. मला चौकात नेऊन ऐंशी, ऐंशी काय सांगत बसली?"

"मी डबा बदलून देतो. विषय संपवू."

"डबा तुम्ही बदलणारच आहात. आणि असे डबे आणखी किती जणांच्या बुडाखाली आहेत, तेही कंपनीला विचारा. पण त्या दिवशी ह्याच्यासमोर तुम्ही म्हणालात, मी गोंधळले. आता ह्याच्यासमोर म्हणा, नाही गोंधळले."

"मी कंपनीला तसं कळवतो."

"कंपनी माझ्या घरात राहत नाही. हा राहतो." आत्याने खुर्चीच्या हातावर थाप मारली. "नसेल म्हणायचं तर मी उठते, तुम्ही बसा. नव्वद आहेत पडद्यावर. चौकातून एक चक्कर मारून या."

तो बसला नाही. त्याने लेकाकडे पाहिलं, लेकाने नजर खाली घातली. शेवटी तो म्हणाला, "काकू गोंधळल्या नव्हत्या. खुर्चीनेच चुकीचं सांगितलं. मी तपासायला हवं होतं."

"आता चहा घ्या," आत्या म्हणाली.

नवा डबा बसला त्या दिवशी लेकाने स्वतः किल्ली आणून तिच्या हातावर ठेवली. "चुकलो मी, आई," तो म्हणाला. "पण दुपारी फोन केला की ठीक आहे एवढं सांगत जा. माझा जीव भांड्यात पडतो."

"बघू," आत्या म्हणाली.

ती मुद्दाम त्याच चौकात गेली. भीती वाटत होती, ते तिने स्वतःशी कबूल केलं आणि खुर्ची पुढे रेटली. पलीकडच्या फुटपाथवर चढली तेव्हा फोन वाजला.

"आई, ठीक ना?"

सवयीने शब्द ओठांवर आलाच होता. तो तिने गिळला.

"थांब, बघून सांगते," ती म्हणाली. पलीकडे लेक खरोखरच थांबला. "गुडघे ठणकताहेत. चौकात भीती वाटली, चांगलीच वाटली. बॅटरी एकसष्टवर उतरलीय."

"मग येऊ का न्यायला?"

"छे. पुढे चाललेय."