आता काय बदललं आहे?

"मार्कांबद्दल कोणाची तक्रारच नाही, काकू," काचेपलीकडचा कारकून म्हणाला. "मार्क उत्तम आहेत. मदत दुसऱ्या कारणाने थांबली आहे."

काकूंनी गुणपत्रिका काचेला टेकवून धरली होती, ती खाली घेतली नाही. हॉस्पिटलच्या धुलाई विभागातली सकाळची पाळी संपवून त्या तशाच इकडे आल्या होत्या, आणि भांडणाची सगळी वाक्यं वाटेत मनातल्या मनात घोकली होती. प्रगती समाधानकारक नसल्याने पुढच्या सत्रापासून आर्थिक मदत बंद, असं कॉलेजचं पत्र म्हणत होतं. शरीररचनेच्या पेपरात वर्गात पहिली आलेली बाई समाधानकारक नाही, तर तुमचं समाधान होतं तरी कशाने, हे त्यांना विचारायचं होतं.

काकू तशा इथे कुणाच्याच काकू नव्हत्या. पण नर्सिंगच्या वर्गात सगळी पोरं विशीतली आणि ह्या एकट्या चाळिशी उलटलेल्या. पहिल्याच दिवशी कुणीतरी हाक मारली आणि ती चिकटली. पुढे शिकवणाऱ्या मॅडमही काकू म्हणू लागल्या. अर्धं आयुष्य नर्सांचे गणवेश धुण्यात आणि इस्त्री करण्यात गेलं होतं. एकदा आपल्या मापाचा एक गणवेश त्यांनी सहज अंगाला लावून आरशात पाहिला, आणि तिथेच सगळं बिघडलं, असं त्या स्वतःच सांगत. नवरा ट्रक चालवायचा, आठवड्यातले दोन दिवस घरी. मदत मिळाली म्हणून कॉलेज शक्य झालं. मदत गेली की कॉलेज गेलं, त्यात दुसरा हिशेब नव्हता.

मदत कक्षातल्या कारकुनाला पोरं पाठीमागे 'दोन तृतीयांश' म्हणत. माणूस वाईट नव्हता, पण तेच ते सांगून त्याच्या आवाजाला कुबड आलं होतं.

"दोन चाळण्या असतात," तो म्हणाला. "एक मार्कांची. त्यातून तुम्ही आरामात सुटलात. दुसरी वेगाची. जितके विषय घेतले त्यातले दोन तृतीयांश तरी पुरे व्हायला पाहिजेत. तुमचे जेमतेम निम्मे झालेत."

"पण मी एकातही नापास नाही."

"नापास नाही. सोडलेत."

"सोडले म्हणजे परतच केले ना? रीतसर अर्ज देऊन."

"सत्र सुरू झाल्या झाल्या सोडले असते तर मोजले नसते. मुदतीनंतर सोडलेला विषय घेतलेल्यांत धरतात, पुऱ्या झालेल्यांत नाही."

भांडणाची सगळी वाक्यं काकूंच्या तोंडातच राहिली. कारण हा नियम त्यांना पाठ होता, फक्त दुसऱ्या जागी. वॉर्डात गेलेली चादर कुणी वापरली नाही, तिची घडीसुद्धा मोडली नाही, तरी परत आली की ती मळक्यांतच जाते. 'हिला हातही लावलेला नाही हो' म्हणत येणाऱ्या नव्या आयांना काकूंनी कितीदा तरी उडवून लावलं होतं. एकदा आत गेली की वापरली. आणि इथे दर सत्राला एखाददुसरा विषय अर्ध्यावर परत देताना मात्र त्यांना वाटत राहिलं होतं की आपण मोठ्या प्रामाणिकपणे वागतोय. नीट जमत नसेल तर अर्धवट करू नये, जागा अडवू नये, मार्कांना डाग लागू देऊ नये. शहाणपणाच्या नावाखाली इतका वेडेपणा केला होता, की त्यांना हसूच आलं असतं. पण हसायलाही अंगात थोडं बळ लागतं.

विषय सोडायचं कारण घरी खाटेवर होतं. दुसऱ्या सत्रात सासूबाईंना झटका आला आणि डावी बाजू गेली. काकूंची पाळी असताना शेजारच्या मावशी बसायच्या, पण दुपारनंतर त्यांना त्यांची नातवंडं. म्हणून दुपारचा तास आला की काकूंचा जीव अर्धा वर्गात आणि अर्धा खाटेपाशी. एकदा सासूबाई उठायला गेल्या आणि खाली पडल्या. त्या आठवड्यात पहिला विषय सुटला.

कारकुनाने फेरविचाराचा अर्ज काचेखालून सरकवला. शुक्रवारी दुपारी समिती बसणार होती, त्याआधी द्यायचा. प्रश्न तीनच होते. काय अडचण आली, तिचा पुरावा काय, आणि आता काय बदललं आहे.

"पहिल्या दोनवर कोणी अडत नाही," तो म्हणाला. "समिती तिसरा आधी वाचते. अडचण अजून तशीच असेल तर पुढच्या सत्रातही तेच होणार, असं म्हणतात. आणि ते काही अगदीच खोटं नाही, काकू."

घरी येऊन काकूंनी सासूबाईंना पुसून घेतलं, कूस बदलून दिली, पाठीला तेल लावलं आणि मग अर्ज घेऊन बसल्या. पहिली दोन उत्तरं सरळ हाताने उतरली. डॉक्टरांचे कागद होतेच. तिसऱ्यापाशी गाडी थांबली. काय बदललं होतं? डावा हात तसाच होता. डावा पाय तसाच होता. नवऱ्याला फोन केला, तर तो कुठल्याशा धाब्यावरून म्हणाला, तू ठरवशील ते बरोबरच असेल. लग्नाला इतकी वर्षं झाली होती. 'तू ठरव' म्हणजे 'मला विचारू नकोस', हे काकूंना कळत होतं. तो तरी काय करणार होता म्हणा. ट्रक त्याच्याशिवाय चालत नव्हता आणि घर ट्रकशिवाय.

सासूबाईंचं शरीर अर्धं गेलं होतं, पण कान आणि बोलण्यातली धार शाबूत होती. सगळा प्रकार त्यांनी खोदून खोदून काढून घेतला.

"एवढंच ना?" त्या म्हणाल्या. "लिही की, म्हातारी गेली."

"काहीतरीच काय बोलता."

"का? त्याच्याइतका बदल दुसरा कुठला?"

काकूंनी अर्ज मिटून ठेवला आणि उगाचच भांडी घासायला घेतली, घासलेलीच. त्या रागावल्या होत्या हे खरं. पण सासूबाई बोलल्या त्या क्षणी मनाच्या कुठल्याशा कोपऱ्याने पटकन हिशेब करून टाकला होता, आणि राग खरं तर त्या कोपऱ्याचा होता. दमलेलं माणूस काय काय विचार करतं, ते दुसऱ्याला सांगण्यासारखं नसतं.

दुसऱ्या दिवशी काकू कामावर असताना सासूबाईंनी मावशींकडून फोन लावून घेतला तो थेट लेकीला. मला घेऊन जा, म्हणाल्या. आता हा फोन म्हणजे साधी गोष्ट नव्हती. मायलेकींचं कधीच पटलं नाही. दोघींचा स्वभाव एकच, आणि एका म्यानात दोन तलवारी राहत नाहीत. त्यात लेकीचं घर तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही, खोल्या दोन. मागे एकदा चार दिवसांसाठी म्हणून गेलेल्या सासूबाई दुसऱ्याच दिवशी रिक्षा करून परत आल्या होत्या, तेव्हा त्यांचे दोन्ही पाय चालत होते.

काकू घरी पोचल्या तेव्हा नणंद खाटेपाशी बसली होती. तिचा चेहरा सांगत होता की तिलाही हे झेपणारं नाही, पण नाही म्हणायला जागा ठेवलेली नाही.

"तुम्हाला तिथे करमणार नाही," काकू सासूबाईंना म्हणाल्या.

"करमायला मी काय सहलीला चाललेय?"

"मी अर्ज करणारच नाही मग. कॉलेज राहू दे."

"अगं, तू दोन वर्षं मला उचलतेस, धुतेस, पुसतेस," सासूबाई म्हणाल्या. त्यांची जीभ मधेच जड व्हायची, तशी झाली. त्या थांबल्या आणि पुन्हा बोलल्या. "त्याचे मार्क कुणी दिले तुला? ह्या बाबतीत मी समिती. मी ठरवलं."

नणंद म्हणाली, "वहिनी, उचलायचं कसं ते तेवढं मला दाखवा."

काकूंनी दाखवलं. काखेत हात घालून ओढायचं नाही, खांदा निखळतो. आपला गुडघा त्यांच्या गुडघ्याला लावायचा, कमरेला धरायचं, आणि त्यांना सांगून मग उठवायचं, न सांगता कधीच नाही. घास उजव्या गालात द्यायचा. नणंदेने दोनदा करून पाहिलं. तिसऱ्यांदा जमलं, तेव्हा काकूंना हायसं वाटलं आणि त्याच दमात त्यांनी नणंदेचा हात उगाचच पुन्हा सारखा केला. आपल्यावाचून अडणार नाही, हे ऐकायला माणूस आसुसलेला असतो, आणि ऐकलं की त्याला आवडत नाही.

गुरुवारी नणंदेचा नवरा आणि मावशींचा मुलगा यांनी सासूबाईंना खुर्चीत बसवून खाली नेलं. सगळा जिनाभर त्या दोघांना सूचना देत होत्या.

शुक्रवारी काकू पुन्हा काचेसमोर उभ्या राहिल्या. तिसऱ्या प्रश्नाखाली त्यांनी लिहिलं होतं: सासूबाई आता नणंदेकडे राहतात. सोबत नणंदेचं पत्र होतं. कारकुनाने दोन्ही वाचलं आणि पेन टेकवून थांबला.

"एक विचारावं लागतं, काकू. समिती मला विचारते. ही सोय तात्पुरती आहे का? म्हणजे, तुमचा कोर्स संपेपर्यंत आजी परत येणार नाहीत ना?"

रांगेत मागे उभ्या असलेल्या पोरांना ऐकू जाईल इतकंच अंतर होतं.

"नाही येणार," काकू म्हणाल्या.

"छान. असंच स्पष्ट हवं असतं," तो म्हणाला, आणि शिक्का मारला. मग त्याचं त्यालाच काहीतरी वाटलं असावं, कारण पुढच्याला हाक मारण्याआधी त्याने उगाच चष्मा पुसला.

मदत चालू झाली. एका सत्रापुरती, अटीवर. सगळे विषय पुरे करायचे, एकही सोडायचा नाही. काकूंनी एकही सोडला नाही. दुपारचे तास त्या आता पूर्ण मनाने बसत, निदान तसं दिसे तरी. घरी गेल्यावर करण्यासारखं फार नसे. लवकर झोप येई, आणि इतकी गाढ, की सकाळी उठल्यावर त्यांना अपराधी वाटे.

रविवारी त्या नणंदेकडे जात. सासूबाई वाळल्या होत्या, पण स्वच्छ होत्या; पाठ काकूंनी हात घालून तपासली, कुठे लाली नव्हती. नणंदेच्या डोळ्यांखाली मात्र काळं आलं होतं. ते कशाने येतं हे काकूंना कुणी शिकवायची गरज नव्हती. त्या चहाची भांडी विसळायला उठल्या तर नणंद हातातून कप काढून घेई. सासूबाई थोडा वेळ बोलत, मग म्हणत, परीक्षा कधी आहे? आणि काकूंनी सांगितलं की म्हणत, मग इथे काय करतेस, जा.

परीक्षेआधीच्या रविवारीही तसंच झालं. काकूंनी त्यांच्या पायावरचं पांघरूण सारखं केलं, येते म्हणाल्या, आणि चपला घातल्या. दार अर्धवट लोटलेलं राहिलं. त्या दुसऱ्या मजल्यावर उतरल्या असतील नसतील, तोच वरून सासूबाईंचा आवाज आला, रोजच्यासारखा, कावलेला.

"सूनबाई, पाणी दे गं जरा."

काकूंचा पाय वळला. एक पायरी त्या वर चढल्यासुद्धा.

"आणते, आई," आतून नणंद म्हणाली.

काकू कठड्याला धरून उभ्या राहिल्या. वर नळ वाहिल्याचा आवाज आला, मग थांबला. पाणी पिऊन झालं असेल एवढा वेळ काकूंनी जाऊ दिला, आणि मग त्या हळूहळू जिना उतरू लागल्या.