भिंत नसलेला जंतू

मिस्त्रींचा स्वतःच्या कानांवर भारी विश्वास. थापीच्या मुठीनं गिलावा ठोकायचा आणि आत पोकळ कुठे आहे ते सांगायचं, तीस वर्षांत कधी चुकले नव्हते. म्हणून बायको तापली, खोकून खोकून बेजार झाली, तेव्हा त्यांनी तिच्या पाठीवर बोटं ठोकली आणि निकाल देऊन टाकला, "छाती साफ आहे."

"अहो, मी काय भिंत आहे?" ती म्हणाली.

औषधाच्या दुकानातून आणलेल्या गोळ्या आठवडाभर चालल्या. ताप हटेना. आठव्या दिवशी तिचे ओठ निळसर दिसले, तेव्हा मिस्त्रींनी तिला रिक्षात घातलं. दवाखान्यात तिला भरती करून नाकाला ऑक्सिजनची नळी लावली.

डॉक्टरीणबाईंनी एक्स-रे उजेडावर धरला. दोन्ही फुप्फुसांत पांढरट डाग. "हा न्यूमोनिया बाहेरून ऐकणाऱ्याला फसवतो," त्या म्हणाल्या. मिस्त्रींना मेल्याहून मेल्यासारखं झालं. ती गेली तर आपल्या कानांमुळे जाणार होती.

"आणि त्या गोळ्या?"

"त्या गोळ्या जंतूंची भिंत पाडतात. या जंतूला भिंतच नाही."

"मग उभा कसा राहतो लेकाचा?"

"नुसत्या पातळ कातडीवर. आता देतेय ती गोळी आत शिरते. जगायचं तर जंतूला प्रथिनं बनवावी लागतात. मण्याला मणी जोडत माळ तयार होते आणि एका अरुंद बोळातून बाहेर पडते. गोळी त्या बोळातच ठाण मांडते. काम ठप्प. डांग्या खोकल्यालाही आम्ही हीच देतो."

"पण असा बोळ आपल्या अंगातही असेल की."

"आहे. पण त्याची घडण जरा वेगळी, तिथे ती बसत नाही. आणि मिस्त्री, हे औषध मूळचं मातीतल्या एका सूक्ष्म जीवाचं."

मिस्त्रींनी गोळी तळहातावर घेतली. जन्मभर पाये खणले, माती उपसून फेकून दिली, आणि तिच्यात हे होतं. कुठल्या ओळंब्यानं कुणी मोजला असेल तो बोळ?

"बघत काय बसलात? पाणी द्या," बायको पुटपुटली.

तिसऱ्या दिवशी दुपारी ताप उतरला आणि नळी निघाली. ती कुशीवर वळली. "ठोका आता. बघा, काय वाजतंय."

मिस्त्रींचा हात उठला, तसाच खाली आला. त्यांनी तिच्या पाठीला कान लावला. श्वास आत जात होता, बाहेर येत होता. तीस वर्षं त्यांनी भिंती ऐकल्या होत्या, हे कधीच ऐकलं नव्हतं. डोळे भरून आले तरी त्यांनी कान काढला नाही.