विसाचे एकवीस

मुसैबच्या घराण्यात पिढीजात तांदळाचा व्यापार, आणि त्यांच्या दुकानात माप कधी सपाट दिलं गेलं नाही. पायलीवर शीग चढलीच पाहिजे. मुसैबने तांदूळ सोडला आणि महाडात लॅब टाकली, पण हात मोकळा तो मोकळाच राहिला. जित्याची खोड ती!

काम तसं सोपं. रोग्याच्या रक्तातले जंतू बशीत वाढवायचे, त्यावर औषधाची टिकली ठेवायची आणि दुसऱ्या दिवशी टिकलीभोवती जंतू मेल्याचं जे मोकळं कडं दिसेल, ते पट्टीने मोजायचं. टायफॉइडच्या गोळीसाठी तक्त्यात एकवीस मिलिमीटरची रेषा होती. कडं तेवढं भरलं तर गोळी चालते, नाहीतर भरवसा नाही.

पोलादपूरकडच्या सोनबाची बायको बनुबाई लग्नाचं जेवण जेवून आली आणि पुढे तापाने पडली. तिचं कडं भरलं वीस. एका मिलिमीटरने काय आभाळ कोसळतंय, बिचारीची इंजेक्शनं तरी टळतील, असं म्हणून मुसैबने एकवीस लिहिलं. अशी शीग तो कित्येकांना घालत आला होता आणि बहुतेक जण बरे होत. त्याचा त्याला थोडा अभिमानही होता.

बनुबाईचा ताप काही उतरेना. तिच्यावर उपचार करणाऱ्या डॉक्टर अफशांचा फोन आला. "मुसैबभाई, नीट मोजलंत ना?"

त्याने खरं सांगून टाकलं.

"मुळात ती रेषाच जुनी झालीय," त्या म्हणाल्या. "पूर्वी या जंतूंचं कडं तिसाच्या वर जायचं. आता पंचवीस भरलं तरी गोळी लागू पडत नाही. यापुढे आपण तीस धरू. आणि पदरचं काही घालू नका."

औषध बदललं, पण तोवर बनुबाईचं आतडं फुटलं होतं. ती गेली.

तिचं दिवसकार्य उरकलं आणि सोनबा लॅबच्या दारात उभा राहिला. सोबत मुलगी रेश्मा, अंगात तसाच ताप.

"काका," मुसैब म्हणाला, "काकींचं माप मी वाढवून लिहिलं होतं. त्या गोळीचा भरवसा नव्हता."

आता म्हातारा गळा धरणार, असं त्याला वाटलं. धरला असता तर बरंच वाटलं असतं.

"कशापायी रे?"

"तुम्हाला त्रास नको म्हणून."

सोनबाने रेश्माची बाही वर सारली आणि तिचा हात टेबलावर ठेवला.

"हिच्यावर दया करू नको, बाबा. हाय तेवढंच लिव."